कप्तान अजून पाण्याखाली आहे

कुठल्याही समाजाची प्रगती तो आपला कचरा कसा टाकतो यावरून मोजावी, असं जाणकार सांगतात. या कसोटीवर चाहतेलेखकांचा समाज अत्यंत मागासलेला ठरतो, कारण त्यांच्यात काहीच टाकलं जात नाही. चाहतेलेखक म्हणजे असे लोक, की ज्यांना एखादी मालिका इतकी आवडते की ती आहे तशी राहू देणं त्यांना सहन होत नाही. मग ते त्यातलीच पात्रं उचलून आपली गोष्ट लिहितात आणि एखाद्या संकेतस्थळावर चढवतात. हे सहसा चौदा ते सतरा या वयात घडतं, म्हणजे अनुभव शून्य आणि मतं पक्की असतात त्या काळात. पुढे लेखकाचे केस पांढरे होतात, गुडघे बोलू लागतात. गोष्ट मात्र जिथल्या तिथे असते, टवटवीत.

अशा माजी चाहतेलेखकांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला कानांवर हात ठेवतो. दुसरा जेवणाच्या टेबलावर आपली जुनी गोष्ट स्वतःच हसत हसत सांगतो आणि मोठ्या मनाचा ठरतो. (हे लोक नेहमी दुसऱ्या क्रमांकाची लाजिरवाणी गोष्ट सांगतात. पहिल्या क्रमांकाची त्यांच्याबरोबरच जाते.) तिसरा वर्ग ती पुसायला निघतो. हा वर्ग सर्वांत लहान आणि सर्वांत दुःखी. आपल्या कादंबरीकार बाई या तिसऱ्या वर्गातल्या.

बाईंच्या पाच कादंबऱ्या प्रसिद्ध होत्या आणि त्या संयमासाठी नावाजलेल्या होत्या. त्यांच्या कादंबरीत कोणी मेलं तर ते वाचकाला दोन पानांनंतर कळायचं, तेही टेबलावर एक कप कमी दिसला म्हणून. समीक्षकांनी याला 'कोरडेपणाचं वैभव' म्हटलं होतं. वाचकांनी याला काहीच म्हटलं नव्हतं. वाचक बाईंना पत्र लिहीत नसत. सभागृहात भेटले की आदराने बाजूला सरकत.

या बाई पंधराव्या वर्षी 'वादळकन्या' होत्या. त्या काळी एका मालिकेच्या शेवटच्या भागात जहाजाचा कप्तान बुडाला. बाकीच्या मुली दोन दिवस रडल्या आणि अभ्यासाला लागल्या. बाईंनी मात्र तो मृत्यू अमान्य करून 'लाटांनो, त्याला सांगा' हे चाहतेलेखन सुरू केलं. त्यात जहाजावर एक नवी डॉक्टर येते. तिला सात भाषा, तलवारबाजी आणि व्हायोलिन येतं. तिचे डोळे जांभळे असतात (नवव्या प्रकरणापासून हिरवे, चौदाव्यात दोन्ही). तिचं मन कोणालाच कळत नाही. ती तीनदा मरते, आणि दर वेळी सगळे खलाशी रांगेने येऊन आपण कसे चुकलो ते सांगतात. कप्तान बहुतेक वेळ गोल खिडकीतून बाहेर बघत असतो.

एकसष्टाव्या प्रकरणात कप्तान पुन्हा समुद्रात पडला, डॉक्टरने त्याच्यामागे उडी घेतली, आणि वादळकन्येची परीक्षा आली. 'परीक्षा संपली की पुढचा भाग!!!' अशी सूचना तिने खाली लिहिली. परीक्षा यथावकाश संपली. मग ती गंभीर साहित्य वाचू लागली आणि कप्तान तसाच पाण्याखाली राहिला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

बाईंना याची आठवण झाली ती एका संशोधकामुळे. प्रकाशक त्यांचं समग्र वाङ्मय काढणार होते आणि प्रस्तावना लिहिणारा संशोधक फार सभ्य माणूस होता.

"लहानपणीचं काही लेखन?" त्याने विचारलं.

"छे, काहीच नाही."

"सापडेल," तो धीर दिल्यासारखं म्हणाला.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या संकेतस्थळावर गेल्या. पासवर्ड अर्थातच आठवत नव्हता. ज्या कंपनीचा ईमेल दिला होता ती बंद पडून तिच्या जागी पोहण्याचा तलाव झाला होता. उरला गुप्त प्रश्न, आणि तो वादळकन्येने स्वतः निवडलेला होता: 'तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख कोणतं?' बाईंनी थोडा विचार करून वडिलांचं नाव लिहिलं. चूक. 'कप्तान' लिहिलं. चूक. 'गणित' लिहिलं. तेही चूक निघाल्यावर संकेतस्थळाने त्यांना वारसा समितीकडे जायला सांगितलं.

वारसा समितीची स्थापना एका दुर्घटनेनंतर झाली होती. एकदा कोणा मत्सरी व्यक्तीने दुसरीच्या नावाने आत शिरून एकशेचाळीस प्रकरणांचं लेखन पुसलं होतं, आणि तेही नायक तोंड उघडून 'हो' म्हणणार त्याच्या बरोबर आधी. वाचकांत हाहाकार उडाला. (काही जण अजून सावरलेले नाहीत.) तेव्हापासून नियम अकरा लागू आहे: ज्याला लेखन पुसायचं आहे त्याने ते आपणच लिहिलंय हे सिद्ध करावं. पुरावा एकच. त्याच हाताने, त्याच शैलीत, पुढचं प्रकरण लिहून दाखवायचं. तीन संधी मिळतात. तिन्ही हुकल्या तर लेखन 'कायम वारसा' म्हणून पहिल्या पानावर लावलं जातं, आणि शेजारी खोट्या दावेदाराचं खरं नाव, फोटोसकट.

"हा काय छळवाद आहे!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. नवरा दातांचा डॉक्टर होता.

"बरोबरच आहे त्यांचं," तो म्हणाला. "उपटायच्या आधी मीसुद्धा विचारतो, हाच ना नक्की?"

घरातली तिसरी व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्या सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेल्या असत आणि या सगळ्यात त्यांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्या दिवसभर लोणी काढायचे व्हिडिओ बघतात, अशी घरात समजूत होती.

बाईंना परीक्षेची भीती वाटली नाही. पाच कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला वाईट लिहिणं काय अवघड? त्यांनी तासाभरात बासष्टावं प्रकरण लिहिलं, स्वतःच खुदुखुदु हसल्या आणि पाठवून दिलं. समितीचं उत्तर आलं: 'नामंजूर. अर्जदार लेखिकेची टिंगल करत आहे. मूळ लेखिका या प्रसंगी कधीही हसली नसती.'

बाई चिडल्या. मग अभ्यासाला बसल्या. आपलंच जुनं लेखन त्यांनी दाराला कडी लावून पहिल्यापासून वाचलं (अधूनमधून उशीत तोंड खुपसून). दर परिच्छेदात उद्गारचिन्हं किती, दर नामाला विशेषणं किती, कोणत्या वाक्यापासून रडं सुरू होतं, सगळ्याचं गणित मांडलं आणि त्या हिशेबाने दुसरा नमुना घडवला. उत्तर आलं: 'नामंजूर. उद्गारचिन्हं मोजून टाकली आहेत. मूळ लेखिका मोजत नसे. शिवाय डोळ्यांचा रंग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. अर्जदार सुशिक्षित असावा. एक संधी शिल्लक.'

आता मात्र बाईंचे धाबे दणाणले. पहिल्या पानावर आपलं नाव, आपला फोटो आणि खाली 'खोटी दावेदार'! समग्र वाङ्मय राहिलं बाजूला, दूधवालाही हसला असता. त्यात नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण प्रकाशकाला द्यायचं होतं. प्रकरण तयार होतं. त्यात राखाडी शाल घेतलेली एक अबोल बाई टेबलावर किल्ली ठेवून घरातून निघून जाते, आणि मग तिचा नवरा, नणंद, शेजारी एकेक करून काय काय आठवतात.

बाईंनी शनिवारी दुपारी तिसऱ्या नमुन्याला हात घातला. सुरुवातीला काहीच सुचेना. मग चिडून त्यांनी कप्तानाचा हात धरला आणि वर ओढला. तो जड होता. त्यांनी आणखी ओढला. पुढे काय झालं ते त्यांना नीट सांगता येत नाही. नवरा दवाखान्यातून आला तेव्हा बाई नाक पुसत, भराभर टाइप करत होत्या.

"काय गं, काय झालं?"

"तो वर येतोय!" बाई हुंदका देत म्हणाल्या.

"बरं," नवरा म्हणाला. "मग चहा टाकतो."

प्रकरण संपलं. बाईंना कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्याच भरात त्यांनी दोन्ही फाइली दोन ठिकाणी रवाना केल्या. दोन्हींचं नाव 'शेवटचं प्रकरण पक्कं' होतं. (लेखकाच्या संगणकात 'पक्कं' या शब्दाला काडीची किंमत नसते. या घरात 'पक्कं', 'पक्कं नवीन' आणि 'आता खरंच पक्कं' अशा फाइली ढिगाने होत्या.)

रविवारी सकाळी समितीचा निकाल आला. बाईंनी तो उभ्यानेच वाचला.

'मंजूर. तिन्ही परीक्षकांचं एकमत. कपडे बदलले आहेत, जहाजाचा फ्लॅट झाला आहे, पण हात तोच. नायिकेला सगळं कळतं आणि तिचं कोणालाच काही कळत नाही. ती गेल्यावर बाकीचे रांगेने येऊन आपण कसे चुकलो ते सांगतात. लेखिकेला पुढचं सुचेनासं झालं की एक पुरुष खिडकीशी जाऊन उभा राहतो. (पूर्वी खिडकी गोल होती, आता चौकोनी आहे. ही प्रगती समजावी.) आपला गुप्त प्रश्न विसरला होतात म्हणून उत्तर कळवत आहोत: "माझं कोणालाच काही कळत नाही." पुसण्याचं बटण खाली आहे.'

फ्लॅट, शाल, किल्ली. बाईंच्या लक्षात आलं. समितीने त्यांची वैभवशाली कादंबरी वाचून त्यांना ओळखलं होतं.

"चौकोनी!" त्या ओरडल्या. "चौकोनी म्हणे! हे कोण टिकोजीराव लागून गेले आहेत?"

"खिडकीवरून मीच ओळखलं," सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला.

बाई वळल्या. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला होता.

"परीक्षक क्रमांक दोन," सासूबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. अगं, जन्म गेला माझा पेपर तपासण्यात. पोरं अक्षर बदलतात, पण चूक नाही बदलत."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"अर्जावरचं नाव परीक्षकांना दाखवत नाहीत. वादळकन्या तू, हे आज कळलं. पण तुझी शाल मी कुठेही ओळखेन. पाचही कादंबऱ्या वाचल्यात मी तुझ्या."

बाईंना धक्का बसला. घरात कोणी आपलं वाचतं हे त्यांना नवीन होतं. "मग कधी बोलला नाहीत ते?"

"काय बोलणार? गोष्ट तीच आहे. पाणी तेवढं काढून घेतलंयस." सासूबाईंनी मोबाईल मांडीवर ठेवला. "आणि तो बिचारा अजून खालीच. आधी त्याला वर काढ बाई, मग काय पुसायचं ते पूस."

"काढलाय हो वर! कालच काढला!"

"मग कुठाय?"

शाल समितीकडे गेली असेल, तर कप्तान कुठे गेला असेल? त्यांनी प्रकाशकाच्या संपादकाला फोन लावला. संपादकाने पहिल्याच घंटेला उचलला.

"बाई," तो म्हणाला, "मी रडलो. बायकोला वाचून दाखवलं, तीही रडली. शेवटी ते अचानक जहाज! काय धाडस आहे हो! छापखान्यात दिलंसुद्धा." (संपादकाने आधीची प्रकरणं वाचली नव्हती. तसा प्रघात आहे.)

बाईंनी 'अहो, ती चूक आहे' असं म्हणायला तोंड उघडलं. पण आपलं लिहिलेलं वाचून कोणी रडल्याचं त्यांनी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही बरं वाटायचं थांबेना.

"उद्गारचिन्हं काढू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

कादंबरी निघाली आणि गाजली. चौथ्या मजल्यावरची अबोल बाई किल्ली हातात घेते, आणि पान उलटलं की समुद्र, वादळ, जांभळे डोळे. समीक्षकांनी जहाज म्हणजे मृत्यू, असं ठरवलं. दुसऱ्या गटाने जहाज म्हणजे स्त्रीमुक्ती, असं ठरवलं. डोळ्यांचा रंग एका पानात दोनदा बदलतो, त्यावर एक परिसंवाद झाला. सभ्य संशोधकाला अखेर 'लाटांनो, त्याला सांगा' सापडलंच. प्रस्तावनेत त्याने तळटीप दिली: 'एका संकेतस्थळावर बाईंच्या ताज्या कादंबरीची कोणा शाळकरी मुलीने केलेली नक्कल आढळते. दर्जा सुमार. तिच्यावरील तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची दिसते, ती चुकीची असावी.' बाईंची अब्रू वाचली. त्यानंतर आठवडाभर त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. पुसण्याचं बटण अजून तिथेच आहे. वेळ मिळत नाही, असं त्या सांगतात. सासूबाईंनी गोष्टीखाली प्रतिक्रिया टाकली आहे: 'आला बाई एकदाचा वर.'

ही कादंबरी तुमच्याही कपाटात आहे, कळलं का. शेवटच्या प्रकरणात, कप्तान श्वास घेतो त्या ओळीखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ ओढली आहे, शेजारी 'किती संयत!' असं लिहिलंय, आणि अक्षर एका जागी ओलं होऊन फिसकटलं आहे. आता घाईघाईने उठून ती रेघ खोडायला जाऊ नका. त्यालाही नियम अकरा लागू झाला आहे. रेघ आपलीच आहे हे सिद्ध करायचं, तर समितीपुढे त्याच ओळीला पुन्हा तसंच रडून दाखवावं लागतं. संधी तीन. परीक्षक क्रमांक दोन आमच्या ओळखीच्या आहेत, पण त्यांच्याकडे वशिला चालत नाही.