कंपनीचा तडा

हुबैशा गावातल्या प्रत्येक वाहनाने वर्षातून एकदा, जन्माच्या वेळी होतं त्याच अवस्थेत, वाहन मूळस्वरूप जतन केंद्रापुढे उभं राहावं असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. माणसांना लावला असता तर फार गोंधळ उडाला असता, म्हणून तो गाड्यांना लावला असावा.

अडचण एवढीच, की गावाच्या वेशीपासून वाळू सुरू होते ती थेट समुद्रापर्यंत, आणि कंपनीतून आली तशी गाडी या वाळूत घातली तर पहिल्याच टेकडीपाशी बूड टेकते. त्यामुळे हुबैशात विकत घेतलेली गाडी आधी माझ्या गॅरेजात येते आणि मग घरी जाते. मी बू झाहर. इंजिन बदलणं, ते चासीवर बसवायला माउंट घडवणं, मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, काढून त्या जागी लांब स्प्रिंगा चढवणं, गाडी हातभर वर उचलणं, हा माझा धंदा. केंद्राच्या माहितीप्रमाणे मी फक्त पंक्चर काढतो.

खलफानच्या ट्रकवर मी सगळ्यात जास्त जीव लावला. त्याला कारण त्याची आई झुवैना. ती आत, वाळूत, आपल्या उंटांबरोबर राहते. तिथली विहीर खारी झाली तेव्हापासून खलफान दिवसाआड ट्रकवर पाण्याची टाकी लादून नेतो. ट्रक गेला नाही तर उंट तहानलेले, आणि उंट तहानलेले असले की झुवैना टेकडीच्या माथ्यावर, जिथे फोन लागतो तिथे चढून, अख्ख्या गावाचा उद्धार करते.

मूळ इंजिनाला ती भरलेली टाकी ओढवेना. म्हणून एका चेपलेल्या मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं धूड आणलं, चेनपुलीला टांगलं आणि खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माउंटचं माप घेत बसलो. धूड बोटभर पुढे सरकलं की पंखा रेडिएटरला घासायचा, बोटभर मागे गेलं की गिअरबॉक्स आडव्या पट्टीवर बसायचा. शेवटी मनासारखं बसलं, तेव्हा जाड पत्रा कापून, रबराचे बुश घालून, माउंट अशी वेल्ड केली की मीच चार वेळा वाकून बघितली.

"काका, हे तुटलं तर?" खलफानने विचारलं.

"तुटलं तर चासी तुटून येईल, माउंट नाही. उगाच अभद्र बोलू नकोस, कॉफी ओत."

आता असा ट्रक तपासणीला न्यायचा कसा? त्यासाठी गावाने फार पूर्वी एक सोय केली आहे. माझ्या गॅरेजात कंपनीच्या शिक्क्याचे पाटे आणि कंपनीच्या शिक्क्याची माउंट यांचा एक संच टांगलेला असतो. त्याला आम्ही 'ईदचे कपडे' म्हणतो. ज्याची तपासणी, त्याच्या गाडीला ते घालायचे, केंद्रात मिरवून आणायचे, परत आल्यावर उतरवायचे आणि पुढच्याला द्यायचे. गावातले एकूणएक ट्रक एकाच मापाचे, त्यामुळे कुणाला ढिले नाहीत, कुणाला घट्ट नाहीत. संपूर्ण हुबैशाचा प्रामाणिकपणा एका खिळ्याला टांगलेला होता म्हणा ना.

खलफानच्या ट्रकला कंपनीची माउंट अर्थातच लागू पडेनात, कारण इंजिनच दुसरं. मी ती माझ्या माउंटच्या शेजारी नुसती बोल्टाने अडकवून दिली. जी काहीच धरत नव्हती ती अधिकृत, आणि ज्यांच्यावर सगळा भार होता ती अनधिकृत. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही यात काही विचित्र वाटू नये.

पण यंदा पाटा चढवताना मला दिसलं, की वरून दुसऱ्या पानाला, म्हणजे पट्टीला, मधोमध तडा गेलेला आहे. तडा जुना होता, गंजून काळा पडला होता. इतक्या वर्षांत कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

"आता मेलो," खलफान म्हणाला.

"मरतोस कशाला? आजवर साहेबाने खाली वाकून कधी बघितलंय?"

दुर्दैवाने साहेब बदलला होता. राजधानीहून उस्ताद मुंधिर आला होता. कडक इस्त्रीची पायघोळ दिशदाशा, हातात टॉर्च, आणि खाली वाकायची भयंकर हौस. तो ट्रकखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना. खलफान मनातल्या मनात दुआ म्हणत होता, मी आकाशातले ढग मोजत होतो. ढग एकही नव्हता.

इंजिनाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बॉनेट उघडण्याचं काम दुसऱ्या विभागाकडे आहे आणि तो विभाग अजून स्थापन व्हायचा आहे.

मुंधिर बाहेर आला तो गंभीर होऊन. "या पाट्याला तडा आहे."

"उस्ताद, तो..." खलफानने सुरुवात केली. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"थांबा," मुंधिर म्हणाला. तो आत गेला, जमिनीत बसवलेल्या कॅमेऱ्याने आपोआप काढलेले आणि कुणी कधी न बघितलेले, मागच्या सगळ्या वर्षांचे सगळ्या गाड्यांचे फोटो संगणकावर उघडून बसला. घटकाभराने बाहेर आला तेव्हा चेहरा उजळला होता. "मी प्रत्येक गाडी बघितली. प्रत्येक पाट्याला, त्याच पानाला, त्याच जागी, तेवढाच तडा! एवढा योगायोग कधी असतो का? हा तडा नाही. ही कंपनीची खूण आहे."

"वा!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"त्याला तुमच्यासारखा शिकलेला माणूस यावा लागला, उस्ताद."

खलफान पास झाला. आम्ही परत येऊन हलवा खाल्ला आणि हसून हसून पोट दुखवून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावभर हसू पसरलं. हारिब, म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात मोठा ट्रकवाला आणि त्याहून मोठ्या तोंडाचा माणूस, म्हणाला, "बू झाहर, तुझ्या मोडक्या पाट्याचा पुतळा उभारायला हवा!"

पुतळ्याची व्यवस्था मुंधिरने लगेचच केली. शाळेचे हेडमास्तर शोरूममधून आणलेली कोरी करकरीत गाडी घेऊन केंद्रात गेले आणि नापास झाले. पाट्याला खूण नव्हती. "ही गाडी कंपनीची नाही," मुंधिरने सांगितलं. हेडमास्तरांनी कंपनीचं बिल दाखवलं, तर बिलही संशयास्पद ठरलं. पाठोपाठ केंद्राची स्वतःची नवी गाडी नापास झाली. मुंधिर न्यायाचा पक्का, त्याने स्वतःच्या गाडीलाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गॅरेजापुढे नव्या गाड्यांची रांग लागली. चांगले, धडधाकट पाटे काढायचे, करवतीच्या ब्लेडने वरून दुसऱ्या पानाला मधोमध तडा पाडायचा, मिठाचं पाणी लावून गंजवायचा, परत चढवायचे. हेडमास्तर स्टुलावर बसून सूचना करत होते. "जरा डावीकडे घ्या. आदर्शाशी जुळला पाहिजे."

आदर्श म्हणजे खलफानचा ट्रक. कारण मुंधिरने त्याला 'मूळस्वरूपाचा आदर्श नमुना' जाहीर केलं होतं. मी ईदचे कपडे उतरवायला पाना हातात घेतला, तोच मुंधिर गॅरेजात हजर. त्याने पाट्यांमधून तार ओवली आणि शिशाचं सील ठोकलं.

"आता याला कुणी हात लावायचा नाही. हा ट्रक राष्ट्रीय ठेवा आहे."

खलफानचा चेहरा उतरला. "उस्ताद, मला पाणी न्यायचंय. आईचे उंट आहेत."

"ने की. कंपनीने हा ट्रक ओझं वाहायलाच बनवलाय."

खलफानने टाकी भरली. त्या वजनाने कंपनीचे पाटे कण्हले आणि ट्रकचा मागचा भाग चाकांवर येऊन बसला. वेशीबाहेरच्या पहिल्या टेकडीवर तो आसापर्यंत रुतला. टाकी तिथेच रिकामी करून, ट्रक खणून काढून खलफान परत आला. पाणी वाळूत गेलं. माझ्या गॅरेजाच्या फोनवर झुवैनाचा आवाज आला.

"बू झाहर, माझ्या पोराला सांग, सकाळपासून उंट रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत. मी पण."

मी म्हटलं, "खलफानच्या आई, थोडी कायदेशीर अडचण आहे."

"ती किती लिटरची आहे?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

खरं तर गावात वाळू तुडवणारे ट्रक काय कमी होते? पण ईदचे कपडे सीलबंद झालेले, आणि मुंधिर टॉर्च घेऊन गल्लोगल्ली फिरतोय. लोकांनी आपापले उंच ट्रक खजुराच्या बागांत ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते. हारिबच्या ट्रकने पाणी अर्ध्या तासात पोचलं असतं. खलफान त्याच्याकडे गेला.

"अरे, नेलं असतं रे," हारिब म्हणाला, "तुझी आई ती माझी आई. पण आता ताडपत्री काढली तर दिसेल ना. चार दिवस थांब."

"उंट चार दिवस थांबतील?"

"उंटच ते. थांबायलाच जन्मलेत."

त्या दिवशी मग सगळे माझ्याकडे कॉफीला जमले. सत्य सांगायला हवं यावर एकमत झालं. कुणी सांगायचं यावर तीन वेळा कॉफी फिरली. शेवटी खलफान ताडकन उठला. "मी सांगतो. माझी आई आहे आत." आणि तो गेला. आम्ही त्याच्या मागोमाग गेलो, पण बेताने, गर्दी म्हणून.

केंद्राच्या दारात त्याने मुंधिरला सगळं सांगितलं. संच एकच आहे, तडा खरा आहे, फोटोंमधला पाटा दर वेळी तोच आहे, गावातला एकही ट्रक मूळ नाही.

मुंधिरने शांतपणे ऐकलं. त्याने आमच्याकडे पाहिलं. "हा म्हणतो तुम्ही सगळे खोटे आहात. खरं आहे का?"

हारिबने टोपी सरळ केली. "उस्ताद, माझा ट्रक आईच्या पोटातून आला तसाच आहे."

हेडमास्तर म्हणाले, "तडा मी स्वतः बघितलाय. अगदी अस्सल आहे." एकेक करून सगळ्यांनी शपथा घेतल्या.

"आणि तू, बू झाहर?"

"मी? मी पंक्चर काढतो."

मुंधिर सद्गदित झाला. एवढं मोठं गाव एका स्वरात बोलतंय म्हणजे ते खरंच असणार. आदर्श नमुन्याची बदनामी केल्याबद्दल खलफानचा ट्रक केंद्राच्या आवारात जमा झाला. त्याच्याभोवती साखळी लागली. खलफान साखळीपाशीच मटकन खाली बसला आणि रडायला लागला. आम्हाला फार वाईट वाटलं. हे मी खोटं सांगत नाही, खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूकडून झुवैना आली. पायी. मागे उंट, ओठ सुकलेले, बरगड्या मोजता येतील असे. एक तान्हं पिल्लू तिने खांद्यावर घेतलं होतं, आणि ते मान टाकून होतं. ती गावातून सरळ केंद्राच्या आवारात शिरली. तिथे मुंधिरची हिरवळ आणि तिच्यावर फिरणारे पाण्याचे फवारे होते. उंट फवाऱ्यांवर तुटून पडले. ते पाणी प्यायले, तहान भागल्यावर त्यांनी हिरवळ खाल्ली, हिरवळ संपल्यावर नियमांचा फलक खाल्ला.

"हे काय चाललंय!" मुंधिर धावत आला.

"तपासा," झुवैना म्हणाली. "मूळ स्वरूपात आहेत. काही बदललेलं नाही."

तिने खांद्यावरचं पिल्लू फवाऱ्यापाशी ठेवलं, त्याच्या तोंडात बोट घालून पाणी सोडलं. ते प्यायलं नाही. तिने त्याचे डोळे मिटले. मग उठली आणि आमच्याकडे वळली. आम्ही सगळे कुंपणापाशी उभे होतो.

"तुमच्यातल्या एकाने," ती म्हणाली, "फक्त एकाने माझ्या पोराबरोबर तोंड उघडलं असतं. एवढ्या गर्दीत एक जण नव्हता?"

आम्ही सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. हारिबच्या चपला नव्या होत्या.

खलफान आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मुंधिर मेलेल्या पिल्लाच्या पायाशी टॉर्च घेऊन वाकला होता. काय शोधत होता कुणास ठाऊक. आणि तुम्हालाही झुवैनाच्या प्रश्नाचं उत्तर विचारलं असतं मी, पण तडा पास झाला तेव्हा तुम्हीही आमच्याबरोबरच हसत होता. त्यामुळे तुम्हाला गर्दीत धरलंय. या, कुंपणापाशी जागा आहे.