टोपल्याखालचा टेलिफोन

बबनभाऊंचा टेलिफोन टोपल्याखाली झाकलेला असायचा, अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीसारखा. दाराशी अनोळखी चप्पल वाजली की ते आधी टोपल्याकडे धावत, मग दाराकडे. एकदा पाहुण्यासमोरच टोपलं टिणकन वाजून थांबलं, तर शांतपणे म्हणाले, "घड्याळ हाये. बिघडलं."

भीती इन्कम टॅक्सची होती. पिपरी मेघेत ते आमच्या शेजारी राहत. शाळा-कचेऱ्यांमध्ये वायरिंगची ठेकेदारी करत. म्हणजे ठेकेदार तेच, मजूर तेच आणि शिडी वाहणारेही तेच. बायको आर्वीला माहेरी. का आणि कुठवर, हे आम्ही विचारत नसू.

टॅक्स लागण्याइतकी कमाई कधीच नव्हती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारनं ठरवलं, ज्याच्या नावावर फोन, त्यानं रिटर्न भरायचंच. तेव्हापासून बबनभाऊ उठता-बसता म्हणत, "वयनी, मी त गेलो कामातून!"

मी तेव्हा पस्तिशीची. बी. कॉम.ची पदवी, नाकावर चष्मा, आणि अर्थमंत्र्यानं विचारलं असतं तर भाजीला फोडणी देता देता बजेट सांगितलं असतं, असा रुबाब. त्यांचं रिटर्न मीच भरून देई. फॉर्मचं नाव 'सरल'. ठेवणाऱ्याला विनोदाची जाण असावी.

कचेऱ्या बिल देताना टॅक्स आधीच कापून घेत. तो परत हवा तर कापल्याचं सर्टिफिकेट आणा. त्यासाठी बबनभाऊ सायकल मारत सेलूच्या कचेरीत जात, आणि बाबू सांगे, साहेब दौऱ्यावर आहेत.

"माह्येच पैसे, अन् मीच भिकाऱ्यावानी उभा," ते पायरीवर बसून सांगत. "रिफंड आला तरी पाकीट तसंच, नोटीस आली तरी तसंच. मी त उघडतच नाई."

बरं, त्या फोनचा उपयोग शून्य. गिऱ्हाइकं त्यांना पानठेल्यावरच गाठत. आम्ही कधी एक फोन करू म्हटलं तर, "खराब हाये." मी मनात त्यांना कंजूस ठरवून मोकळी झाले होते.

एका वर्षी त्यांचं पाकीट मी उघडलं, तर खरोखरच नोटीस. मागच्या रिटर्नमध्ये काहीतरी जुळत नव्हतं. (भरणारी कोण, ते सांगितलंच आहे.) बबनभाऊंचं जेवण सुटलं. मग माझ्या पदवीला तोडगा सुचला.

"भाऊजी, फोन परत करून टाका ना! पुढच्या वर्षी ना फोन, ना रिटर्न."

दुसऱ्या दिवशी ते फोन पिशवीत घालून टेलिफोन ऑफिसला गेले. मी नवऱ्यासमोर कॉलर ताठ करून घेतली. साडीला कॉलर नसते ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी बबनभाऊ परतले. पिशवी तशीच फुगलेली.

"काऊन हो? घेतला नाई त्यानं?"

"तो घेतच होता. मीच निंघून आलो."

"अन् नोटीस?"

"येऊ द्या. किती येतीन?" त्यांनी फोन काढून वायर जोडायला घेतली. माझ्याकडे पाठ होती. "फोनसाठी नंबर तिनंच लावलता, वयनी. पाच वर्सं वाट पाह्यली अन् ती गेल्यावर आला. जाताना म्हणे, फोन आला की नंबर धाडजा, मी करीन. एसटीच्या कंडक्टरापाशी चिठ्ठी धाडली मी."

"मग? आला फोन?"

"आता हा नंबर गेला, त तिनं कुठं करावं?"

बी. कॉम.ला हा विषय नव्हता.

त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. लाइन चालू आहे एवढं ऐकलं आणि चटकन ठेवून दिला.

"जास्त वेळ उचलून नाई ठेवत," टोपलं झाकत ते म्हणाले. "तिकून लावला, त एंगेज लागते."