पुढची चाकं ओढत नाहीत

यंत्र माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. वीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करतोय. नुसत्या आवाजावरून सांगतो, बिघाड सुईत आहे की शिवणाऱ्याच्या पायात. आणि ट्रक म्हणजे तरी काय हो? जरा मोठं शिवणयंत्र, तेही पायानेच चालतं! हे मी बायकोला ऐकवलं, तर ती एवढंच म्हणाली की शिवणयंत्राखाली सापडून अजून कोणी मेलेलं नाही.

ट्रक सासऱ्यांचा. बाबा टेकडीवर मधमाश्या पाळतात. चाळीस पेट्या आहेत, आणि वर जायला एकच रस्ता, खड्या चढाचा नि बारमाही चिखलाचा. चढ आला की बाबा गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचे, चारही चाकं जोर लावायची आणि ट्रक बकरीसारखा वर जायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या तीन महिन्यांत मात्र दांडा ओढला तरी पुढची चाकं ढिम्म. चार वेळा ट्रक चढावर अडकला. चौथ्या वेळी तर मागे घसरत घसरत नाल्याच्या काठावर येऊन थांबला, तेव्हा बायकोने वडिलांना ठणकावलं की आता बास, शनिवारी चारला भंगारवाला येतोय.

ट्रक गेला की पेट्या गेल्या. आणि पेट्या गेल्या की सत्तरी ओलांडलेला हा माणूस दिवसभर करणार काय? हे कोणी बोललं नाही, पण बाबांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

शनिवारी सकाळी ते माझ्यापाशी आले. अकरा वर्षांत या माणसाने मला साधा दिवा बदलू दिला नव्हता. जमिनीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, बघता का जरा?"

मला भरूनच आलं. त्यांनी विमान दाखवलं असतं तरी मी पाना घेऊन धावलो असतो.

सगळे फ्यूज काढून पुन्हा लावले, तर हॉर्न बंद पडला आणि वायपर आपोआप सुरू झाला. मग ट्रकखाली शिरून दांड्याचा सांधा खोलला, ग्रीस भरलं, परत बसवला. पाऊण तासाने बाहेर आलो तेव्हा एक नट जास्तीचा उरला होता. तो मी गुपचूप खिशात टाकला. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध चिखलाने माखलेली एक गोल चकती होती. शोभेची असणार म्हणून तीही पुसून लख्ख केली. बाबा माझ्यामागे हत्यारं घेऊन उभे. मी हात पुढे केला की ते त्यावर पाना ठेवायचे, सर्जनला नर्स देते तसा.

तीन वाजले तरी कारण सापडेना. मग मी जॅक लावून मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. युक्ती साधी होती. पुढच्या चाकांना जोर मिळत असेल तर ट्रक पुढे जाईल, नसेल तर मागची नुसतीच हवेत फिरतील.

"आणि गेला पुढे तर?" बायकोने विचारलं.

"कसा जाईल? बिघडलाय ना!"

दांडा ओढून इंजिन चालू केलं. मागची हवेत गरगर फिरली, पुढची जागची हलली नाहीत. बाबांचा चेहरा पडला. मी इंजिन बंद केलं, गिअर होता तसाच राहू दिला आणि आम्ही तिघं चहाला आत गेलो. बाहेर राहिल्या फक्त सासूबाई. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून त्या ओसरीवरच खुर्ची टाकून बसतात.

चहा घेऊन परत आलो. आता शेवटचा प्रयत्न, म्हणून क्लच दाबून इंजिन चालू केलं आणि क्लच सोडला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. ट्रकने जॅकवरून उडी मारली. कुंपण गेलं. शेजाऱ्यांच्या दोरीवरची चादर काचेवर आली आणि वायपर ती इमानेइतबारे पुसू लागला. ब्रेक समजून मी काय दाबलं ते विचारू नका. शेजारी बांधकामासाठी पुरुषभर उंच वाळूचा ढीग होता, त्यावर ट्रक चारही पायांनी चढला आणि माथ्यावर जाऊन बंद पडला.

चादर बाजूला केली तर खाली भंगारवाला उभा. तो बाबांना म्हणाला, "काका, हा चालत नाही म्हणालात ना?"

बाबा ढिगावर चढून आले आणि माझा ग्रीसने बरबटलेला हात दोन्ही हातांत धरला. "जावईबापू, माझं चुकलं. तुमच्या हातात कला आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भंगारवाला रिकामा परत गेला.

संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "त्या चकत्या हाताने फिरवायच्या असतात. त्याशिवाय दांडा ओढला तरी पुढची चाकं इंजिनाला जोडली जात नाहीत. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी फिरवल्या."

ट्रक विकणारा हे बाबांनाच सांगत होता म्हणे, पण बाबा "मला शिकवू नका" म्हणून इंजिन बघायला गेले. ऐकलं ते सासूबाईंनी. बावीस वर्षं त्या बाबांसोबत वर जायच्या. चढाच्या पायथ्याशी "जरा फुलं बघते" म्हणून उतरायच्या, दोन्ही चकत्या फिरवून परत बसायच्या. टेकडी उतरून आल्यावर पुन्हा फुलं, पुन्हा चकत्या.

"पण आई, सांगितलं का नाही?"

"आधी म्हटलं, कळेल त्यांचं त्यांना. मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटली. दांडा ओढला की कसे खूश होतात, पाहिलंय ना तुम्ही? आणि आज तुमचंही कौतुक केलंय त्यांनी." मग त्यांनी स्वतःचा गुडघा दाबला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

चकत्या कायमच्या जोडून ठेवाव्यात, तर स्टिअरिंग जड होतं आणि बाबांना लगेच कळतं. म्हणून आता दर रविवारी पहाटे मी बाबांसोबत टेकडीवर जातो. मला फुलांतलं काही कळत नाही, तेव्हा पायथ्याशी आलो की लघवीला जायचंय म्हणून उतरतो. येताना पुन्हा तिथेच. बायकोने घाबरून माझी साखर तपासून घेतली. उत्तम निघाली, तशी ती जास्तच घाबरली.

बाबा मात्र समजूतदार आहेत. हल्ली मला सांगावंही लागत नाही. चढ आला की ते आपणहून ट्रक थांबवतात, तोंड दुसरीकडे वळवतात आणि हळूच म्हणतात, "या जाऊन. लाजू नका, मी कोणाला बोललो नाही."