सासऱ्यांचा शाडूचा फलक

सासऱ्यांना एकदा तरी आपल्याला ‘वा!’ म्हणायला लावायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काय चुकलं ते सांगा.

आमचे सासरे म्हणजे नटवर्य विष्णुपंत. उभा जन्म रंगभूमी गाजवली. मग रोह्याचं राहतं घर लेकीला दिलं आणि स्वतः पेणला मुलाकडे गेले. (मी घरजावई नाही. घर आपोआप माझ्याभोवती आलं.) नाटकातल्या हमालालाही ‘वा!’ म्हणणारा हा माणूस लग्नापासून मला नुसतं ‘हं’ म्हणतो. म्हणून मी घराच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा फलक लावायचं ठरवलं.

“स्मृतिफलक?” आसावरी, म्हणजे आमची ही, किंचाळली. “अहो, बाबा अजून दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात!”

“बरं, गौरवफलक. तू डिटेलमध्ये शिरू नकोस.”

फलक कुठे करायचा हा प्रश्नच नव्हता. आमचे गणपती पेणच्या जगनच्या कारखान्यातून येतात. त्याला सासऱ्यांचा पेशव्याच्या वेशातला फोटो दिला. लाकडी पाटीवर चेहरा, त्याखाली नाव आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘संकल्पना : सुशील’. (बारीक म्हणजे रस्त्यापलीकडून वाचता येईल इतकंच.)

जगनने सवयीने विचारलं, “शाडू की पीओपी, काका?”

मीही सवयीने ठणकावलं, “शाडूच! पीओपी आमच्या घरात येत नाय!”

फलकावर फडकं टाकून मी एसटीत चढलो. कंडक्टरने हात जोडले, पुढची सीट रिकामी करून दिली आणि अख्खी गाडी रोह्यापर्यंत माझ्या सासऱ्यांना नमस्कार करत आली. घरी आल्यावर वाटलं, आपलंच नाव जरा फिकं दिसतंय. गेटचा ऑइलपेंट उरला होता. त्याचे जाड हात त्या ओळीवर मारले. नेमका तिथेच मी दूरदर्शी ठरलो.

समारंभाला सगळी आळी लोटली. सासऱ्यांनी पडदा ओढला. फलकावर चेहरा काय हुबेहूब उतरला होता! त्यांचे डोळे भरून आले, ओठ हलले. ‘वा’ अगदी दातांपर्यंत आला होता, देवाशप्पथ!

तेवढ्यात शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, “नारळ कोण फोडणार गो, आसावरी?”

“मी!” असं म्हणून मी इतक्या आत्मविश्वासाने नारळ हाणला की सगळं पाणी थेट नटवर्यांच्या नाकावर. नाक हळूहळू खाली यायला लागलं.

“अहो, हात लावू नका!” आसावरी ओरडली.

पण मी ओलं फडकं घेऊन धावलोच. नाक सावरायला गेलो तर मिशी गालावर आली. गाल पुसला तर हनुवटी फडक्यात आली. आता सगळे डाग एकदम धुवावेत म्हणून मी बादली मारली.

“अरे देवा!” सीताबाईंनी हात जोडले. “नदीपर्यंत तरी न्यायचं होतंत!”

चेहरा गेला, नाव गेलं. पाटीवर ऑइलपेंटात चकाकत एकच ओळ उरली, ‘संकल्पना : सुशील’.

सासरे पुढे आले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली, मग माझ्या पायाशी साचलेला चिखल पाहिला.

“वा!” ते म्हणाले. “वा, जावईबापू!”

आळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाटी मी अजून काढलेली नाही. येणारेजाणारे ती वाचतात आणि बेल वाजवून विचारतात, “संकल्पना कसली हो?”

“माझ्या बाबांचं विसर्जन करायची,” आसावरी आतूनच सांगते.