मांडीच्या हाडास कारणे दाखवा

सदर बाळाचं डोकं बत्तीस आठवड्यांचं होतं, पोट एकतीस आठवड्यांचं आणि मांडीचं हाड मात्र अवघं एकोणतीस आठवड्यांचं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात तसं स्वच्छ छापलं होतं आणि खाली सहीही होती. ज्याची निम्मी हयात आस्थापना शाखेत लोकांच्या जन्मतारखा तपासण्यात गेली, त्या हेडक्लार्क बापाने रिपोर्ट डॉक्टरबाईंसमोर धरला.

"डॉक्टरबाई, एका माणसाची तीन वयं कशी काय?"

"अहो, अंदाज असतो तो. थोडं मागेपुढे चालतं. बाळ छान आहे."

"छान कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

म्हणजे डोकं आधी सेवानिवृत्त होणार आणि पाय पुढचे तीन आठवडे एकटेच ऑफिसला जाणार! त्यांचा पगार कोणत्या शीर्षाखाली काढायचा? हेडक्लार्क असा हिशोब करत दवाखान्याबाहेर पडला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, आणि माणूस मनातून पुरता घाबरला होता. फक्त घाबरायचं कसं, हे त्याला नियमाबाहेर जाऊन येत नव्हतं.

"आमच्या घराण्यात आखूड मांडी कोणाचीच नाही," असं म्हणत त्याच्या आईने शिवणाची टेप काढली आणि घरातल्या सगळ्यांच्या मांड्या मोजल्या. सर्वांत आखूड तिचीच निघाली. टेप खराब असल्याचं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

मग सुनेचे बदाम बंद झाले, कारण ते डोक्याकडे जातात. दूध दुप्पट झालं, कारण ते हाडांना लागतं. खात्रीसाठी दोन दिवसांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली, तर तिथे मांडी बत्तीस आठवड्यांची आणि डोकं तीस!

"अगं बाई, डोकं लहान झालं!" सासूबाई किंचाळल्या. दूध बंद झालं, बदाम पुन्हा सुरू झाले.

त्या दिवशी बायको बदामाची वाटी बाजूला सारून ढसाढसा रडली. "पूर्वी बाळ हललं की मला आनंद व्हायचा. आता वाटतं, कुठला भाग हलला आणि तो किती आठवड्यांचा होता! माझा आनंद खाल्लात तुम्ही सगळ्यांनी मिळून."

काहीतरी केलंच पाहिजे, असं वाटून हेडक्लार्कने त्याला येत होतं ते केलं. कारणे दाखवा नोटीस काढली, बायकोच्या पोटावर कागद टेकवला आणि ती मोठ्याने वाचली.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले डोके व मांडीचे हाड यांच्या वयात तफावत आढळून आली आहे. सबब आपण विहित मुदतीत समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा..."

अन्यथा काय, ते त्याला सुचेना. तेवढ्यात आतून अशी सणसणीत लाथ बसली की कागद जमिनीवर. बायको खो खो हसत सुटली. हेडक्लार्कने कागद उचलून शेरा मारला, 'खुलासा प्राप्त. समाधानकारक.'

यथावकाश बाळ जन्मलं. डोकं, पोट आणि मांड्या एकाच तारखेला आल्या, एकही भाग मागे राहिला नाही. हेडक्लार्क दवाखान्याच्या व्हरांड्यात लहान पोरासारखा रडला. नर्सने वजन केलं आणि आकडा बाळाच्या आईच्या कानात सांगितला. तिने तो तिथेच ठेवून घेतला.

आत्या आली, शेजारीण आली, अख्खी आस्थापना शाखा आली. दारातूनच सगळे विचारत होते, "वजन किती?"

"झकास रडतंय, झकास पितंय," ती सांगायची.

"ते असू दे गं. वजन?"

"नाही सांगणार."

लोक तोंड वाकडं करून जायचे. लपवतायत म्हणजे नक्कीच काहीतरी असणार, असं जिन्यात कुजबुजायचे. नवरासुद्धा गयावया करू लागला, "निदान मला तरी सांग ना गं!" तिने बाळाला त्याच्या हातात दिलं आणि ती म्हणाली, "घ्या, तुम्हीच बघा." दिवसभर तो बाळाला हातांवर तोलत राहिला.

वजन आम्हाला ठाऊक आहे. सांगायलाही हरकत नव्हती. पण तुम्ही मघापासून आपल्या पोराचा आकडा मनात काढून तयार बसलाय.