सोफ्याची पक्की शिवण

"अहो, उठा म्हणते ना! मला खोळीची शिवण घालायचीय."

"घाल की. मागे फट आहे, मागून घाल. आणि या खेपेला जरा पक्की घाल. मागच्या वेळी मी नुसता बसलो तर फाटकन उसवली."

"तुम्ही बसता कुठे? कोसळता!"

सगळी गल्ली जिला वहिनी म्हणायची, तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. एरवी नवऱ्याचं बोलणं तिने कानाआड केलं असतं. पण आज वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, येणार होत्या. त्यांच्या घरचे पडदे, उशांचे अभ्रे, सगळं नवं व्हायचं होतं. ते काम वहिनीला द्यायचं की बाजारातल्या दुकानाला, हे त्या याच सोफ्याची खोळ बघून ठरवणार होत्या. "घरची शिवण ती शेवटी घरचीच गं," असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य वहिनीच्या मनात टाचणीसारखं रुतून बसलं होतं.

तिने सोफ्यामागे जमिनीवर फतकल मारली. पाठीचं आणि बैठकीचं कापड फटीतून मागे ओढलं, कडा एकमेकींत दुमडल्या आणि सुई चालवली. एक टाका नवऱ्याच्या नावाने, एक वन्संच्या. देवाने माणसाला क्रोध दिला तो जपून वापरायला, पण माणूस त्यात दोरा ओवून बसतो! मध्येच एक जास्तीचा पदर हाताला लागला.

"आज कापडसुद्धा सरळ वागायचं नाही!" म्हणत तिने तोही आत दुमडला, वर दुहेरी टाके घातले आणि त्यावर निळ्या दोऱ्याची नक्षीदार साखळी काढली. मागून कोण बघणार? वन्सं बघणार!

बेल वाजली.

"ताई आली!" म्हणत नवरा उठला आणि धपकन खाली बसला. पुन्हा उठला, तर सोफाही दाराकडे निघाला.

"अगं, मला शिवलंस? जिवंत माणसाला?"

"उठा म्हटलं होतं ना!"

वहिनीने दार उघडलं. वन्संनी आत येऊन सोफ्यामागे वाकून पाहिलं. "अगंबाई! हा तर मी दिलेला शर्ट! चांगल्या दुकानातला! काप ती शिवण."

"माझ्या शिवणीला कात्री लागणार नाही. शर्ट कापा."

"शर्टाला हात तर लावून बघ!"

बटणं काढून नवऱ्याला सहज सुटता आलं असतं. पण हट्ट काय एकट्या बायकांनीच करायचा?

"मी शर्ट काढणार नाही! चूक माझी नाहीच!" असं गरजून त्याने सगळ्या अंगानिशी उसळी मारली.

फर्रर्र!

नक्की काय फाटलं?

खोळीचा एक टाकाही हलला नव्हता. शर्ट मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी उसवला होता आणि त्याची अख्खी पाठ सोफ्याला झालरीसारखी लोंबत होती.

वन्संनी ती पाठ चिमटीत धरून ओढली. मग दोन्ही हातांनी. मग सोफ्याला पाय लावून. शेवटी घाम पुसत, त्याच तापल्या आवाजात त्या म्हणाल्या, "उद्या ये मापं घ्यायला. पण शिवायच्या आधी घरातली माणसं मोजून घे! आणि याच्या शर्टाचं काय?"

"मीच शिवते की," वहिनीने सुई उचलली.

उघड्या पाठीने स्टुलावर टेकलेला नवरा तिथूनही उठला.