सगुणाक्काच्या फोडणीचा धूर

एका जंगलात, मुलांनो, गुहेगुहेत टाइल्स बसल्या होत्या त्या काळची ही गोष्ट. तिथे सगुणाक्का नावाची अस्वलीण राहायची. तिच्या हातच्या ठेच्याला जंगलात तोड नव्हती. पण तव्यावर मिरच्या पडल्या, की गुहा धुराने भरायची आणि अक्काला खोकल्याची उबळ यायची. वैद्य घुबडबुवांनी निक्षून सांगितले होते, "अक्का, हा धूर थांबला नाही, तर दमा कायमचा मुक्कामाला येईल."

अक्का घाबरली. नवऱ्याला, म्हणजे अप्पा अस्वलाला म्हणाली, "अहो, भिंतीला वीतभर भोक पाडा. नळी बसवा. जाऊ दे धूर बाहेर."

"भोक?" अप्पा दचकलाच. "अगं, परवाच रंग दिलाय! आणि सोसायटीचा नियम आहे, भिंतीला भोक पाडायचं नाही."

सोसायटीचा चेअरमन होता गेंडा. तो रोज शेजाऱ्यांकडेच जेवायचा. त्यामुळे स्वयंपाकघराबद्दल त्याची मते फार ठाम होती.

तेवढ्यात कोल्हेसाहेब टाय लावून हजर झाले. बरोबर एक चकचकीत यंत्र.

"भोक नको, नळी नको! हे धूर ओढतं, आतल्या कोळशातून गाळतं आणि स्वच्छ हवा परत घरातच सोडतं."

"आणि मिरचीचा खकाणा?" अक्काने विचारले.

"कोळसा वेळेवर बदलत राहा, वहिनी. मग काळजीच नाही."

अप्पाला यंत्र पसंत पडले. घरातले बाहेर जाऊ द्यायचे नाही, ही त्याच्या घराण्याची जुनी रीत. यंत्र बसले. शेजारीपाजारी चहाला येऊन बघून गेले. कोळसा मात्र कोणी बदलला नाही. त्यासाठी यंत्र उघडावे लागले असते, आणि अप्पा त्याला कोणाला हात लावू देत नव्हता. तीन महिन्यांत यंत्र इकडून धूर ओढून तिकडून अक्काच्याच तोंडावर सोडू लागले. खरे सांगतो, मला या अप्पाचा रागच येतो.

एके सकाळी अक्काने तवा उचलला, मिरच्या उचलल्या आणि गुहेमागच्या जांभळीखाली तीन दगडांची चूल मांडली. धूर निघाला आणि सरळ वर गेला. त्याने कोणाची परवानगी मागितली नाही. अक्काला ऊन लागायचे, मुंग्या चावायच्या, पण महिन्याभरात खोकला पळाला.

सोसायटीच्या सभेत घुबडबुवा म्हणाले, "वा अक्का! औषधाशिवाय बऱ्या झालात की!"

"यंत्राची कमाल!" अप्पा छाती फुगवून म्हणाला. "आणि बघा येऊन, अजून नव्यासारखं चकचकीत आहे."

अक्काने बोलायला तोंड उघडले, तोवर टाळ्या वाजू लागल्या. गेंड्याने ठराव मांडला, की प्रत्येक गुहेत हेच यंत्र लागले पाहिजे. ठराव एकमताने पास झाला.

चार महिन्यांनी जांभळीखाली बावीस चुली पेटल्या होत्या.

तात्पर्य : घरातला धूर बाहेर काढणे जमत नसेल, तर स्वयंपाक करणारीलाच बाहेर काढावे. भिंत शाबूत राहते, आणि यंत्राचे नाव होते.